पंखा मोठा केला तरी इंजिन का उकळतं?

30 मे 2024 रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश सेल्सिअस तापमान दाखवलं आणि पाहता पाहता तो आकडा देशभर फिरला. सेन्सर बिघडला होता, हे हवामान खात्याने नंतर सांगितलं. पण तोवर 56 हा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला होता. शहराचा खरा उच्चांक 47.9 अंशांचा, 23 मे 2013 चा. तोही काही कमी नाही. आणि ज्याला जुन्या गाडीत दणकट इंजिन बसवायची हौस आहे, त्याला तर तो पाठच असायला हवा, कारण इंजिनातलं तापलेलं पाणी हवेने थंड करणाऱ्या रेडिएटरचं सगळं गणित बाहेरच्या हवेपासून सुरू होतं.

अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात, आणि हा प्रकार मूळचा अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्नियाचा. 1930 च्या दशकात तिथली तरुण पोरं फोर्डच्या जुन्या मॉडेल टी, मॉडेल ए गाड्या स्वस्तात घ्यायची, मडगार्ड उतरवायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि मुरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर पळवायची. 1932 साली फोर्डने 65 अश्वशक्तीचं व्ही-8 इंजिन आणलं. पुढे त्याच गाडीच्या अरुंद जाळीमागे लोकांनी शेवरलेटचं 5.7 लिटरचं इंजिन कोंबलं. ताकद कित्येक पट वाढली, रेडिएटरसाठी जागा मात्र तेवढीच राहिली. आपल्याकडे हेच जुन्या जीपच्या बाबतीत घडतं. (इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, ती आधी घ्यावी.) गाडी देखणी होते, आवाज छान येतो, आणि मे महिन्यात वर्धा रोडवर वाहतूक तुंबली की काटा लाल पट्ट्यात शिरतो. मग सगळीकडून एकच सल्ला मिळतो: मोठा पंखा टाका, नाहीतर दोन टाका. माझ्या मते हा पैसा बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायला मिळतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला बहुतांशी पाण्यात उतरतो. समजा, रेडिएटरला सेकंदाला 20 किलोज्यूल उष्णता हवेत टाकायची आहे. नागपूरच्या 45 अंशांच्या एक घनमीटर हवेचं वस्तुमान साधारण 1.07 किलो, ती एक अंशाने तापायला जेमतेम 1.1 किलोज्यूल पुरतात. म्हणजे सेकंदाला एक घनमीटर हवा जाळीतून गेली, तर ती 45 अंशांना आत शिरून साधारण 64 अंशांना बाहेर पडेल. इंजिनातलं पाणी 95 अंशांवर आहे, तेव्हा काम भागलं. पण अर्धाच घनमीटर हवा गेली, तर तिला 82-83 अंशांपर्यंत तापावं लागेल. हवा पाण्याच्या जितकी जवळ जाते तितकी उष्णता घ्यायला कुचराई करते, त्यामुळे ती तेवढी तापतच नाही. तिच्याऐवजी पाणी तापत जातं. जानेवारीतल्या 12 अंशांच्या पहाटे आपल्या हाती पाणी आणि हवा यांच्यातला 83 अंशांचा फरक असतो. मे महिन्यात तो 50 वर येतो. गाडी तीच, रेडिएटर तोच, आणि हिवाळ्यात कधी कुरकुर नाही, याचं कारण एवढंच.

नवतपा सुरू झाला की गाड्या उकळतात, असंही ऐकू येतं. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो म्हणून आग ओकतो, ही त्यामागची समजूत. 2013 चा उच्चांक नवतप्याची वाट न पाहता दोन दिवस आधीच येऊन गेला. निरभ्र आकाश, वायव्येकडून येणारे कोरडे वारे आणि अजून न पोचलेला पाऊस, एवढी कारणं पुरेशी आहेत. रेडिएटरला नक्षत्र कळत नाही, अंश कळतात.

आता मुद्द्याचं. पंखा हवा 'फेकतो' असं आपण म्हणतो, पण रेडिएटरमागचा पंखा खरं तर आपल्या पुढ्यात थोडासा कमी दाब तयार करतो. हा फरक किती? पाण्याच्या उंचीत मोजला तर सेंटिमीटरभर. वातावरणाचा दाब याच मापाने दहा मीटर. म्हणजे आपण त्याच्या हजाराव्या भागावर सगळा डोलारा उभा करतो. इतक्या नाजूक ओढीला रेडिएटरच्या नळ्यांना जोडलेल्या दाट, पातळ पत्र्यांमधून हवा खेचायची असते. शेजारी मोकळी फट दिसली, तर हवा पत्र्यांमधून कशाला येईल? आपला डेझर्ट कूलर आठवा. एका बाजूचं पॅड काढून ठेवा; पंखा तितकाच फिरेल, वाराही येईल, पण गरम येईल, कारण ओल्या पॅडमधून येण्यापेक्षा उघड्या बाजूने येणं हवेला सोपं. कूलरची पेटी जे काम करते, ते गाडीत श्राउड करतं. श्राउड म्हणजे रेडिएटरच्या चारी कडा आणि पंख्याचं वर्तुळ यांना जोडणारं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं आवरण. हॉट रॉड बांधताना सर्वांत आधी वगळली जाणारी वस्तू तीच, कारण ती जागा खाते आणि दिसायला बरी नसते.

श्राउड नसेल तर काय होतं, ते आकड्यांत पाहा. 24 इंच रुंद, 18 इंच उंच रेडिएटरचं क्षेत्रफळ 432 चौरस इंच. त्यावर 16 इंची इलेक्ट्रिक पंखा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी थेट आवळला, तर पंख्याखाली येतात 201 चौरस इंच, म्हणजे निम्म्याहूनही कमी. चारी कोपऱ्यांतली हवा ढिम्म हलत नाही. तिथे दुसरा पंखा बसवण्याऐवजी आवरण बसवून पंखा जाळीपासून इंच-दोन इंच मागे घेतला, तर ओढ सगळ्या पत्र्यांवर पसरते आणि तोच पंखा जवळपास सबंध रेडिएटर वापरू लागतो. पात्यांची टोकं आणि आवरणाची कड यांतली फटही महत्त्वाची. पात्यामागची जास्त दाबाची हवा त्या फटीतून वळसा घेऊन पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच ती हवा घुसळत राहतो. पट्ट्यावर चालणारा पंखा इंजिनाबरोबर हलतो, म्हणून तिथे इंचभर जागा सोडावीच लागते. इलेक्ट्रिक पंखा आवरणावरच बसतो, त्यामुळे काही मिलिमीटर पुरतात.

याहून दगाबाज प्रकार म्हणजे गरम हवेचं माघारी येणं. गाडी उभी असताना बॉनेटखालची तापलेली हवा रेडिएटरच्या बाजूंनी, वरून, खालून सरपटत पुन्हा पुढे येते आणि पंखा तिलाच आत ओढतो. समोरची हवा 45 ऐवजी 55 अंशांची झाली की 50 अंशांचा फरक 40 वर येतो. रेडिएटरची पाचवा हिस्सा क्षमता गेली, तीही एक नवा पैसा वाचवल्याशिवाय. कडांना रबराची किंवा जाड फोमची पट्टी लावली की ही वाट बंद होते. हवामान खात्याचं तापमान सावलीतलं, माणसाच्या उंचीच्या आसपासचं असतं हेही ध्यानात घ्या. आपला रेडिएटर गुडघ्याच्या उंचीवर, उन्हात साठ अंशांपुढे तापलेल्या डांबरावर उभा असतो.

एवढं करूनही हवा कमी पडली, तरच पंख्याकडे वळावं. तिथे एक निष्ठुर नियम आहे. हवेचा प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या, आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. त्याच पंख्याकडून दुप्पट हवा हवी, तर शक्ती आठपट. 20 अँपिअर घेणारा पंखा मग 160 अँपिअर मागेल. जुन्या जीपच्या डायनॅमोला हे स्वप्नातही झेपणार नाही. खोक्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेत, समोर काही अडथळा नसताना मोजलेला असतो. जाड रेडिएटरसमोर तो बराच घसरतो, आणि त्या आकड्याची जाहिरात करणारे हे सांगत नाहीत.

तरीही इलेक्ट्रिक पंख्याला माझं मत आहे, पण वेगळ्या कारणासाठी. पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला असतो: जाममध्ये वारा सर्वांत जास्त हवा तेव्हा तो मंद, आणि अमरावती रोडवर समोरून वारा आपोआप येत असताना तो सुसाट फिरून शक्ती खातो. इलेक्ट्रिक पंखा उभ्या गाडीतही पूर्ण वेगाने चालतो आणि हायवेवर गप्प बसतो. त्याला स्वतंत्र रिले (छोट्या स्विचच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारा भाग), फ्यूज आणि जाड वायर द्या. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, 82 अंशांचा असेल, तर पंखा 92 च्या सुमारास सुरू आणि 87 ला बंद व्हावा. 80 ला सुरू होणारा स्विच लावला तर पंखा कधीच थांबणार नाही. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मात्र ऐकू नये. काम चोख असलेला थर्मोस्टॅट उकळण्याच्या वेळी पूर्ण उघडाच असतो. तो काढला तर हिवाळ्यात इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त पितं.

खर्च करण्याआधी एक चाचणी घरच्या घरी करता येते. दुपारी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा, पंखा सुरू होऊ द्या. एक थर्मामीटर सावलीत, दुसरा रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या कडेजवळ, पात्यांपासून आणि पट्ट्यापासून दूर पक्का बांधून. दहा मिनिटांनी पुढचा आकडा सावलीपेक्षा सात-आठ अंश जास्त दिसला, तर पंख्याचं दुकान राहू द्या आणि रबराची पट्टी आणा. मग पेटलेली उदबत्ती पुढच्या बाजूने कडेकडेने फिरवा: धूर पत्र्यांकडे न जाता जिथे उलटा तुमच्याकडे ढकलला जाईल, तिथून गरम हवा माघारी येते आहे.