व्हिजिटर व्हिसा की ग्रीन कार्ड? अमेरिकेत मुलांकडे निघालेल्या आई-बाबांसाठी

मुलगी अमेरिकेची नागरिक झाली की पुण्या-ठाण्यातल्या घरी व्हिडिओ कॉलवर विषय निघतोच, "आता तुम्हा दोघांचं ग्रीन कार्ड करून टाकू." बाबा म्हणतात, "कशाला? आपल्याकडे १० वर्षांचा व्हिसा आहे की!"

त्या व्हिसावरची १० वर्षं फक्त दारापर्यंत पोचवतात. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा ६ महिने. ही तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि ती ऑनलाइन बघावी लागते. पोचल्यावर जेटलॅग उतरायच्या आत लेकीकडून तिचा प्रिंट काढून घ्या आणि फ्रिजवर लावा. ती तारीख उलटून १८० दिवसांहून जास्त राहून परतलात, तर ३ वर्षं प्रवेशबंदी. वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलात, तर १० वर्षं. पासपोर्टवरचा व्हिसा अजून चालू आहे, हे तेव्हा कुणी ऐकून घेत नाही.

ग्रीन कार्डाची गोष्ट नेमकी उलटी. तिथे राहायला मोकळीक, पण इकडे येऊन राहण्यावर बंधन. सलग ६ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर परतताना चौकशी होऊ शकते आणि वर्ष उलटलं तर नुसत्या कार्डावर आत जाता येत नाही. री-एंट्री परमिट, म्हणजे परत आत येण्याचा आगाऊ परवाना, घेता येतं, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि ते जास्तीत जास्त २ वर्षांचं असतं. म्हणून ज्यांना गणपती-दिवाळी घरीच हवी, उन्हाळ्यापुरती नातवंडं हवीत, त्यांनी कार्डाच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लॅट भाड्यानं देऊन खरोखर तिकडेच राहायचं असेल, तर मात्र कार्डच हवं. दरवर्षी ६ महिने व्हिजिटर म्हणून राहायला लागलात, तर एक दिवस अधिकारी विचारणारच, "आजोबा, तुम्ही राहता कुठे?"

आजारपणाचं गणित दोन्हीकडे अवघडच. व्हिजिटरच्या विम्यात जुनं बीपी, शुगर बहुतेक बाहेरच राहतं. कार्ड असलं तरी मेडिकेअर, म्हणजे तिकडचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, पहिल्या दिवशी मिळत नाही. तिकडे कधी नोकरी न केलेल्यांना वयाची ६५ आणि सलग ५ वर्षांचं वास्तव्य पूर्ण झाल्यावर, तेही हप्ता भरून.

आणि कर. कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. पेन्शन, एफडीचं व्याज, एवढंच काय, इथे करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजसुद्धा. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, की त्याची माहिती वेगळी कळवायची. दरवर्षी ६-६ महिने राहणारे व्हिजिटरही दिवसांच्या हिशेबानं या जाळ्यात येऊ शकतात. हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

कार्ड करायचंच ठरलं, तर अर्ज करणारा मुलगा किंवा मुलगी २१ वर्षांवरची आणि नागरिक हवी. स्वतः ग्रीन कार्डावर असलेल्याला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. आईचा अर्ज वेगळा, बाबांचा वेगळा. बाबांच्या अर्जात आई आपोआप येत नाही. आई-वडिलांसाठी वार्षिक कोटा नाही, त्यामुळे भावंडांसारखं वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागत नाही.

खरा वेळ जातो कागदांत. बाबांचा जन्म भाद्रपदातला, शाळेच्या दाखल्यावर मात्र मास्तरांनी लावलेली १ जून. आईचं माहेरचं नाव सुमन, लग्नात तांदळावर लिहिलं सुलभा, रेशन कार्डावर भलतंच तिसरं. लग्न वाडीत झालं, नोंदणी कुणी केलीच नाही. जन्माची नोंद सापडली नाही तर ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून तसा दाखला घ्यायचा आणि जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. बाबांचं बारसं आठवणाऱ्या आत्या आता नव्वदीत असतील. कार्डाचं काय ते ठरेल तेव्हा ठरेल, त्यांची सही या मे महिन्यातच घेऊन या.