गस्तीची वाट, फिरण्याची वाट

समुद्रकाठच्या शहरात सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला ती वाट आपल्यासाठीच केली आहे असं वाटतं. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला घरं, मधे चालायला फरसबंदी आणि दमलं की टेकायला कठडा. पण अशा वाटांचे जन्मदाखले काढून बघितले तर त्यात फिरणाऱ्याचं नाव क्वचितच सापडतं. कुणी त्या चोरटा माल पकडायला पाडल्या, कुणी लाटा अडवायला बांधल्या, कुणी बेकारांच्या हाताला काम म्हणून. एका गावात तर हॉटेलात वाळू येऊ नये म्हणून फळ्या टाकल्या, त्यातून वाट झाली. फिरणारा आला तो मागाहून, आयत्या वाटेवर.

त्याआधी समुद्राकडे ‘देखावा’ म्हणून बघायची पद्धतच फारशी नव्हती. किनारा म्हणजे कामाची जागा. जाळी वाळवायची, होड्यांना डांबर फासायचं, मासळी निवडायची. खारा वारा आणि वादळ यांना तोंड देत राहणाऱ्यांनी घराचा दर्शनी भाग समुद्राकडे करायचं काही कारण नव्हतं. युरोपातल्या कितीतरी जुन्या कोळीवाड्यांची पाठ पाण्याकडेच असे. हे चित्र पालटलं ते कवींमुळे नाही, डॉक्टरांमुळे. इंग्लंडमधल्या लुईस गावचे डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये लॅटिनमध्ये एक प्रबंध छापला: ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचं पाणी गुणकारी आहे, त्यात डुंबा आणि ते प्यासुद्धा. लोक खरोखर पीत. जवळचं ब्रायटन हे मासेमारीचं गाव बघता बघता रुग्णांनी भरलं, आणि १७८३ मध्ये खुद्द युवराज तिथे आल्यावर श्रीमंतांचीही रीघ लागली.

पण समुद्रस्नान दिवसाकाठी किती वेळ करणार? उरलेल्या दिवसाचं काय, हा प्रश्न होताच. मग चालायचं, भेटायचं, नवे कपडे दाखवायचे. ब्रायटनमध्ये त्यासाठी स्टाइन नावाचं गवताळ मैदान सोयीचं होतं. अडचण एकच, तिथे कोळी पिढ्यानपिढ्या जाळी पसरत आले होते. पाहुण्यांचे पाय जाळ्यात अडकू लागले, तक्रारी झाल्या आणि हळूहळू हटली ती जाळी. किनाऱ्यावरच्या सहलीच्या इतिहासात ही गोष्ट पुढे अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या नावांनी घडली आहे. फरशीवर सावकाश चालणाऱ्याला तिची खूण दिसत नाही एवढंच.

नीसची कथा थोडी निराळी. फ्रान्सच्या आग्नेय टोकाचं हे शहर तेव्हा फ्रान्सचं नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. इंग्रज मंडळी थंडी टाळायला तिथे मुक्कामाला येत. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला एका कडक हिवाळ्यात गोरगरिबांचे हाल झाले, रस्त्यांवर भिकाऱ्यांची गर्दी वाढली. तेव्हा लुईस वे नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने वर्गणी काढली आणि या लोकांना किनाऱ्यालगत वाट बांधायच्या कामाला लावलं. जेमतेम दोन मीटर रुंदीची ती वाट. परोपकार होता, आणि पाहुण्यांना फिरायला जागाही हवी होती. दोन्ही हेतू एकाच खर्चात साधले. १८६० मध्ये नीस फ्रान्सकडे गेलं, तरी ‘इंग्रजांचा फेरफटका’ अशा अर्थाचं नाव टिकून राहिलं. आज ती वाट सुमारे ७ किलोमीटर लांब आहे आणि तिच्या शेजारून मोटारींच्या रांगा धावतात.

शहराची हद्द संपून कडे सुरू झाले की मात्र वाटेचा वंश बदलतो. तिथे ना डॉक्टर, ना धर्मोपदेशक. तिथे शिपाई.

अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये चहा, ब्रँडी, तंबाखू यांवर जबर कर होते. कर जबर, तर चोरटा व्यापारही जबर. रात्री समुद्रापलीकडून होडी यायची, एखाद्या आडबाजूच्या पुळणीवर पिंपं उतरायची आणि उजाडायच्या आत माल गावात पसार. गावकऱ्यांना ते स्वस्तात पडत असल्याने कुणी चहाडी करत नसे. १८२२ मध्ये निरनिराळी गस्ती पथकं एकत्र करून तटरक्षक दल उभं राहिलं. त्यांच्या माणसांना रात्री-बेरात्री पायी गस्त घालावी लागे. आता गस्तीचा मुद्दा असा, की प्रत्येक घळ आणि प्रत्येक पुळण वरून डोकावून बघायला हवी. जवळची वाट चालणार नाही. चोर नेमका तिथेच असणार जिथून सरळ रस्ता जात नाही. त्यामुळे वाट कड्याच्या अगदी काठाने जाते, खाली उतरते, ओढा ओलांडते आणि पुन्हा वर चढते.

नैऋत्य इंग्लंडची माइनहेडपासून पूल नावाच्या बंदरापर्यंतची १,०१४ किलोमीटरची वाट बरीचशी याच गस्तीवर उभी आहे. ती पुरी करणारा माणूस एकूण सुमारे ३५,००० मीटर चढतो. म्हणजे एव्हरेस्टची उंची चार वेळा. इतका अप्रतिम देखावा आणि इतके दुखणारे गुडघे, दोन्हींचं श्रेय जुन्या करखात्याला द्यायला हरकत नाही. एखाद्या सौंदर्यप्रेमी अधिकाऱ्याने ही वाट आखली असती तर त्याने निम्मे चढ नक्की वगळले असते.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातही हेच. क्रांतीनंतर १७९१ मध्ये तिथे नवं सीमाशुल्क खातं आलं आणि त्याच्या शिपायांच्या पावलांनी किनाऱ्याभोवती वाट मळली. ‘सीमाशुल्कवाल्यांची वाट’ हेच तिचं नाव अजून तोंडात आहे. पावसात आडोसा आणि दर्यावर नजर अशा दुहेरी सोयीसाठी त्यांनी बांधलेल्या बुटक्या दगडी चौक्याही काही टेकाडांवर शिल्लक आहेत. पुढे पायी गस्तीची गरज संपली आणि वाटा काटेरी झुडपांनी गिळल्या. १९६८ मध्ये हौशी पदभ्रमण करणाऱ्यांनी एका तुकड्यापासून झाडी तोडायला सुरुवात केली. आज मों-सें-मिशेलपासून सें-नाझेरपर्यंत सुमारे २,००० किलोमीटरची ती वाट सलग चालता येते.

झाडी तोडणं सोपं होतं, कुंपण तोडणं अवघड. शिपायाला कुणाच्याही बागेतून जायचा अधिकार होता, सुट्टीवर आलेल्या माणसाला नाही. किनाऱ्यालगतच्या जमिनी दरम्यान सोन्याच्या झाल्या होत्या. ज्यांनी समुद्र दिसतो म्हणून घर घेतलं त्यांना समुद्र आणि आपण यांच्यामधून जाणारी पाठपिशवीवाली माणसं नको होती. शेवटी ३१ डिसेंबर १९७६ च्या कायद्याने फ्रान्सने ठरवलं, की समुद्रालगतच्या खासगी जमिनीच्या कडेने तीन मीटर पट्टा पायी जाणाऱ्यांसाठी मोकळा राहील. तीन मीटर. तेवढ्यासाठी पुढे कित्येक वर्षं दावे चालले.

खरं तर हे तत्त्व फार जुनं आहे. सम्राट जस्टिनियनच्या इ.स. ५३३ च्या रोमन कायद्याच्या पाठ्यग्रंथात म्हटलंय, की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा किनारा हे निसर्गतःच सर्वांच्या मालकीचं. किनारा कुठवर, तर हिवाळ्यातली मोठ्यात मोठी लाट जिथवर पोचते तिथवर. व्याख्या वाचताना ती लिहिणारा कधीतरी वादळात किनाऱ्यावर उभा राहिला असावा असं वाटून जातं.

अमेरिकेतल्या ओरेगनने हीच गोष्ट वेगळ्या युक्तीने साधली. १९१३ मध्ये गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांनी भरतीच्या रेषेखालचा सगळा किनारा सार्वजनिक महामार्ग म्हणून जाहीर करवून घेतला. ओल्या, घट्ट वाळूवरून तेव्हा खरोखरच गाड्या जात, त्यामुळे ते कुणाला वावगं वाटलं नाही. १९६६ मध्ये एका मोटेलवाल्याने वरच्या कोरड्या वाळूला कुंपण घातलं तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, की कायदा ओल्या वाळूपाशीच थांबतो. गदारोळ झाला आणि १९६७ च्या कायद्याने कोरड्या वाळूवरही लोकांचा हक्क मान्य झाला.

शहरातल्या वाटांकडे परत येऊ, कारण तिथे मालक वेगळा असतो: अभियंता. क्युबातल्या हवानाचा मालेकॉन, म्हणजे समुद्रकाठचा धक्का, संध्याकाळी गप्पांचा अड्डा असतो. पण १९०१ मध्ये त्याचं काम सुरू झालं ते शहरात घुसणारं पाणी थोपवायला. पन्नासएक वर्षं तो टप्प्याटप्प्याने पुढे सरकत राहिला. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कभोवतीची वाटही मुळात भिंतच. लाटांनी काठ खचत होता म्हणून १९१७ मध्ये काम सुरू झालं. जेम्स कनिंगहॅम या गवंड्याने त्या भिंतीवर तीसहून अधिक वर्षं काढली, ओहोटीची वेळ बघून दगड बसवले, निवृत्तीनंतरही देखरेखीला येत राहिला आणि १९६३ मध्ये वारला. पार्काचा फेरा पुरा व्हायला आणखी काही वर्षं लागली.

फळ्यांची गोष्ट अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीची. तिथे रेल्वेतला अलेक्झांडर बोर्डमन आणि हॉटेलवाला जेकब कीम हे दोघे वाळूने वैतागले होते. पुळणीवरून आलेले लोक डब्यांत, दिवाणखान्यांत, खुर्च्यांवर वाळू झाडत. १८७० मध्ये नगरपालिकेने वाळूवर लाकडी फळ्यांची वाट टाकली. हंगाम संपला की फळ्या उचलून ठेवायच्या. वाळू टाळायची सोय हेच पुढे गावाचं आकर्षण झालं.

सिडनीत बाँडाय ते कूजी हा सुमारे ६ किलोमीटरचा काठ आज जगभर फोटोंतून फिरतो. त्याचे काही तुकडे १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकारांना मजुरी मिळावी म्हणून खडकात कोरलेले आहेत. नीसच्या वाटेची ही शंभर वर्षांनी झालेली पुनरावृत्तीच. इटलीत रिओमाज्जोरे ते मानारोला ही जेमतेम एक किलोमीटरची ‘प्रेमाची वाट’ तर रेल्वेच्या बोगद्याच्या कामातून निघाली. नाव गोड पडलं ते नंतर, दोन गावांतली तरुण मंडळी तिथे भेटू लागली म्हणून. २०१२ मध्ये तिच्यावर दरड कोसळून चार पर्यटक जखमी झाले आणि ती पुन्हा उघडायला २०२४ उजाडलं.

कड्यावरच्या वाटेचा हा स्वभावच आहे. ती कुठेतरी पडत असतेच. इंग्लंडच्या पूर्वेचा होल्डरनेसचा मातीचा किनारा वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर मागे सरतो. वेल्सने २०१२ मध्ये आपल्या संपूर्ण किनाऱ्याची सुमारे १,४०० किलोमीटरची सलग वाट खुली केली, सबंध देशाच्या किनाऱ्याची अशी ती जगातली पहिली. इंग्लंडने तशीच वाट करायचं ठरवलं तेव्हा २००९ च्या कायद्यात एक हुशारीचं कलम घातलं: कडा ढासळला तर वाटेची रेषाही आपोआप आत सरकू शकते, दर वेळी नव्याने हक्क मागावा लागत नाही. हिवाळ्यातल्या लाटेच्या मागे जाणारा जस्टिनियनचा किनारा इथे पुन्हा भेटतो.

शहरातल्या भिंतीला हे जमत नाही. इंग्लंडच्या डेव्हनमधल्या डॉलिश गावात १८४६ पासून समुद्राला खेटून रेल्वे जाते आणि तिच्या धक्क्यावरून लोक फिरायला जातात. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात लाटांनी तो धक्का फोडला. रूळ हवेत लोंबकळत राहिले आणि दोन महिने गाडी बंद होती. मागे सरकायला तिथे जागा नव्हती, कारण पाठीमागे घरं होती. नंतर धक्का पहिल्यापेक्षा उंच बांधला आणि फिरायची वाटही त्याच्याबरोबर वर नेली.