फिट येते ती फक्त चेतापेशींमुळे नव्हे

‘फिट म्हणजे मेंदूतलं शॉर्ट सर्किट’ हे वाक्य इतकं रुळलंय की आकडीचा सगळा दोष चेतापेशींच्या माथी मारून आपण मोकळे होतो. खूप चेतापेशी एकदम भडकतात हे खरंच. पण त्या भडकू नयेत म्हणून अष्टौप्रहर राबणाऱ्या तारकापेशींचं, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट्सचं, नावही निघत नाही.

चेतापेशीतून संदेश गेला की थोडं पोटॅशियम बाहेर पडतं. पेशींबाहेरच्या द्रवात ते लिटरमागे सुमारे 3 मिलिमोल असतं, आकडीच्या वेळी 10-12 पर्यंत चढतं. ते साचलं की चेतापेशी आणखी सहज पेटतात. तारकापेशी हे पोटॅशियम शोषून घेतात आणि शेजारणीकडे, तिथून पुढच्या शेजारणीकडे पोचवतात. एका जागचा भार असा दूरवर पांगतो.

हे ज्या वाटेनं घडतं, ती मला विलक्षण वाटते. कनेक्झिन-43 या प्रथिनाचे सहा रेणू पेशीच्या पटलात गोलाकार उभे राहतात, मधे पोकळी राहते. ही झाली अर्धी वाहिनी. शेजारच्या पेशीची तशीच अर्धी वाहिनी तिच्या तोंडाला तोंड भिडवते आणि थेट पेशीतून पेशीत जाणारा रस्ता, म्हणजे पूर्ण वाहिनी, तयार होतो. दोन पटलांमधलं अंतर तिथे जेमतेम 2 ते 4 नॅनोमीटर. पोटॅशियम, कॅल्शियम, ग्लुकोज, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) आरपार जातात, प्रथिनं अडतात. हे कनेक्झिनही फार टिकत नाही, काही तासांतच जुनं मोडून नवं बसवलं जातं.

आता मेंदूत दाह सुरू झाला, समजा. मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी इंटरल्युकिन-1 बीटा आणि टीएनएफ-अल्फा ही दाह वाढवणारी प्रथिनं सोडतात. त्यांच्या प्रभावाखाली पूर्ण वाहिन्या मिटू लागतात, आणि जोडीदार न मिळालेल्या अर्ध्या वाहिन्या नेमक्या उलट वागून बाहेरच्या बाजूला उघडतात. मग एटीपी आणि ग्लुटामेट बाहेर गळतात. ग्लुटामेट चेतापेशींना चेतवतं. एटीपी मायक्रोग्लियावरच्या पी2एक्स7 या ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं, त्या आणखी इंटरल्युकिन सोडतात, आणखी वाहिन्या उघडतात. पोटॅशियमचा निचरा बंद, गळती चालू!

शंखखंडाच्या, म्हणजे कानशिलामागच्या मेंदूच्या भागाच्या, अपस्मारात (वारंवार फिट येण्याच्या आजारात) शस्त्रक्रियेनं काढलेल्या, कठीण झालेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे त्याच भागातल्या स्मृतीशी निगडित अवयवात, तारकापेशींची ही आपसातली जोडणी तुटलेली आढळली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या अभ्यासात तर चेतापेशी मरण्याआधीच ती तुटलेली दिसली. एवढं रेणूपातळीवर दिसत असताना आकडीला बाहेरची बाधा म्हणणं आणि उपचार लांबवणं हा रुग्णावर अन्याय आहे. झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काहीही कोंबू नये. पाच मिनिटांत थांबला नाही तर तातडीनं दवाखाना गाठावा.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे, त्यातल्या जवळपास एकतृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. म्हणून ‘वाहिनी बंद करणारी गोळी’ अशी आशा लगेच पेरली जाते. पण कार्बेनॉक्सोलोनसारखं जुनं औषध अर्ध्या आणि पूर्ण, दोन्ही वाहिन्या अडवतं. म्हणजे निचराही जातो. गॅप19 हा नऊ अमिनो आम्लांचा तुकडा मात्र कनेक्झिन-43च्या फक्त अर्ध्या वाहिन्या मिटवतो. तो अजून प्रयोगशाळेतच आहे. शिवाय हेच कनेक्झिन-43 हृदयाच्या स्नायूपेशींनाही जोडतं आणि ठोक्याचा विद्युतसंदेश त्यातूनच पुढे जातो, तेव्हा मेंदूसाठी दिलेल्या औषधाला तिथल्या पूर्ण वाहिन्यांना धक्का लावून चालणार नाही.