शंकरपाळे तेलात का हसतात?

दिवाळीच्या आठवड्यात इंदुरातल्या मराठी स्वयंपाकघरांतून "अगं बाई, हसले!" असं कानावर आलं, की समजायचं, कुणाचा तरी घाणा बिघडला. गेल्या वर्षी तो माझा होता. नीट कातलेले चौकोन कढईत सोडले आणि बघता बघता कडा सुटल्या, तेलावर पांढरा फेस चढला, तळाशी चुरा बसला. आई शेजारी करंज्या भरत होती. कढईकडे न बघता, नुसत्या आवाजावरून म्हणाली, "मोहन जास्त झालंय. मूठभर मैदा मळ त्यात."

तिचं निदान रसायनशास्त्राच्या हिशेबातही चोख बसतं. मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं असतात. ओलावा मिळाला आणि पीठ मळलं, की त्यांचं चिवट जाळं तयार होतं, तेच ग्लुटेन. पोळीला ते लांबलचक हवं, शंकरपाळ्याला तुटक. म्हणून मोहन. तूप मैद्याच्या कणांना माखतं, दुधातलं पाणी त्यांच्यापर्यंत पुरतं पोचू देत नाही. साखरही पाणी स्वतःकडे ओढते. जाळं आखूड राहतं आणि शंकरपाळा दाताखाली खुसखुशीत फुटतो.

पण जाळं अगदीच विरलं तर? पिठातल्या पाण्याची वाफ होताना तिचं आकारमान सुमारे १,७०० पट वाढतं. ती कोंडून धरायला काहीतरी हवं. तूप तेलात पडल्या पडल्या वितळतं. पिठातला स्टार्च मात्र साठेक अंशांच्या पुढे फुगून घट्ट होऊ लागतो आणि साखर त्याला आणखी उशीर लावते. मधल्या काही क्षणांत चौकोन धरून ठेवणारं फक्त ते तुटकं जाळं. तेल कोमट असेल तर हे क्षण लांबतात. शंकरपाळे हसतात ते तेव्हाच. मूठभर मैद्याने प्रथिनं वाढतात, मळण्याने जाळं जुळतं. तरी आधी एकच शंकरपाळा सोडून बघावा, हे शहाणपण मला उशिरा सुचलं.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तेल १६० अंशांवर असलं तरी शंकरपाळ्याचा पृष्ठभाग ओला आहे तोवर फारसा वर चढत नाही. बुडबुडे म्हणजे निसटणारी वाफ. ते मंदावले की वरचा थर सुकतो, १४० अंशांपुढे जातो आणि दुधातली प्रथिनं नि शर्करा मिळून बदामी रंग, खमंग वास देतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं. आई 'तेल गप्प झालं' म्हणते आणि झारा उचलते.

तेलकटपणा मात्र बराचसा कढईबाहेर येतो. थंड होताना आतली वाफ निवळते, दाब घटतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत खेचलं जातं. म्हणून झारा कढईच्या काठावर टेकवून, गरम असतानाच निथळून घ्यायचं.

दुसरा घाणा हसला नाही. पहिल्याचा चुरा बाबांनी सकाळी पोह्यांवर शेवेसोबत भुरभुरून खाल्ला. इंदुरी पोह्यांना गोडाचं वावडं नसतंच.