एक्सेलची फाइल आमच्याकडे पाठवण्याआधी

तुमची शीट डेटाबेसमध्ये भरायला सहसा काही मिनिटंच लागतात. खरा वेळ जातो तो शीटमध्ये नेमकं काय लिहिलंय हे कळण्यात.

पहिली आणि सर्वांत कळकळीची विनंती: जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. निघाली तशीच पाठवा. एक्सेल फाइल उघडतानाच अंदाज बांधतं. ००४२७ हा कोड त्याला संख्या वाटते, आणि उरतं फक्त ४२७. संख्येचे पहिले १५ अंकच ते जपतं, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. सेव्ह झाल्यावर तो अंक फाइलमधून कुणालाच परत काढता येत नाही. एक्सेलच्या याच अंदाजापायी जनुकांच्या नावांच्या तारखा व्हायच्या. शेवटी २०२० मध्ये ‘मार्च१’ या जनुकाचं अधिकृत नावच ‘मार्चएफ१’ करावं लागलं.

तारखांचा घोळ वेगळा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे शीट सांगत नाही, तुम्हीच सांगा. तारखेच्या रकान्यात ४५२९२ दिसलं तर घाबरू नका, ती बहुधा १ जानेवारी २०२४ आहे. एक्सेल तारखा दिवस मोजून साठवतं.

पिवळ्या रंगाच्या ओळी म्हणजे ‘पैसे बाकी’ असं तुमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत असेल, पण डेटाबेसला रंग दिसत नाही. त्यासाठी वेगळा रकाना करा. मर्ज केलेले सेल सोडवा, कारण मजकूर फक्त पहिल्या सेलमध्ये असतो. रिकामा सेल म्हणजे शून्य की ‘माहीत नाही’, हेही कळवा. सरासरी त्यावरच ठरते.

आमच्याकडे फाइल आधी एका कच्च्या टेबलात जाते आणि तिथे सगळे रकाने मजकूर म्हणूनच ठेवतो. मग दुबार नोंदी, नावामागची रिकामी जागा, ग्राहकांच्या यादीत नसलेल्या ग्राहकाची बिलं शोधतो. सापडलेली प्रत्येक अडचण ओळ क्रमांकासह तुम्हाला कळवतो. मनाने काहीही दुरुस्त करत नाही. तुमचा होकार आला की आधी ग्राहक, मग बिलं, असं सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये भरतो. एक ओळ अडली तरी सगळं मागे फिरतं, अर्धवट काही राहत नाही.

शेवटी ओळींची संख्या आणि रकमांची बेरीज तुमच्या मूळ शीटशी जुळवतो. ती बेरीज फाइल पाठवतानाच लिहून द्या.