‘ऑपॉर्च्युनिटी’ असं कधीच म्हणाली नाही

‘माझी बॅटरी संपत आलीय आणि अंधार पडतोय.’ मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरचे हे शेवटचे शब्द म्हणून २०१९पासून फिरतात. यंत्रालाही मरणाची भीती वाटली, असं लोक त्याखाली हळहळून लिहितात. रोव्हरने हे वाक्य पाठवलंच नव्हतं.

१० जून २०१८ला, प्रचंड धुळीच्या वादळात, तिच्याकडून आले ते आकडे: सौर पॅनेलांवरची वीज जेमतेम २२ वॉट-तास आणि हवेतल्या धुळीचं माप १०.८, म्हणजे भरदिवसा काळोख. फेब्रुवारी २०१९मध्ये नासाने मोहीम संपवली, तेव्हा एका अमेरिकी पत्रकाराने या आकड्यांचा मथितार्थ माणसाच्या भाषेत ट्विटरवर मांडला. पुढे त्यालाच अवतरणचिन्हं लागली.

वीज किती उरली हे मोजणं म्हणजे घाबरणं नव्हे. वीज घटली की कामं थांबवून झोपी जायचं, हा नियम इंजिनिअरांनी तिच्यात आधीच लिहून ठेवला होता. हुरहुर होती ती पृथ्वीवर, आणि ती अगदी खरी होती. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेली ही गाडी १४ वर्षं चालली, ४५ किलोमीटर फिरली. ती गप्प झाल्यावरही तिला हजारावर संदेश पाठवत राहिलेल्या माणसांचे डोळे शेवटी भरून आले.