उताराच्या बागेत माती धरून ठेवणारी (आणि शोभणारी) झाडं
आमच्या रोपवाटिकेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जूनमध्ये दोन-तीन मोठ्या सरी झाल्या की आवाराच्या खालच्या कडेला जाऊन वाहतं पाणी बघा. ते लालभडक असेल तर बागेतली माती पऱ्याच्या (ओढ्याच्या) वाटेला लागली आहे. पाऊस उघडल्यावर मोकळ्या जागी जरा वाकून बघा: बारीक खडे मातीच्या पेरभर उंच खुंट्यांवर बसलेले दिसतील. खड्याच्या आडोशाला होती तेवढी माती उरली, बाकीची थेंबांच्या माऱ्याने उडाली. कोकणात बहुतेक ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात जांभ्यावर माती असते वीत-दीड वीत. ती गेली की खाली कातळ.

मोठं झाड पुरेसं नाही

"मुळं घट्ट धरणारं एखादं मोठं झाड द्या," अशी मागणी आमच्याकडे नेहमी येते. पण उंच झाडाच्या पानांवर पाणी साचून जे टपोरे थेंब पडतात, ते खालच्या उघड्या जमिनीला साध्या पावसाइतकेच, कधी जास्तच झोडपतात. आंब्याखालचा पातेरा रोज झाडून अंगण लख्ख ठेवणाऱ्या घरांत आंब्याची मुळं उघडी पडलेली दिसतात ती याच कारणाने. माती राखायची तर जमिनीलगत दाट काहीतरी हवं. मोठी झाडं जरूर लावा, पण त्यांच्या पायाशी काय लावायचं ते आधी ठरवा. आणि पातेरा राहू द्या.

उन्हातला उतार: वाळा

याला आमच्याकडे पहिली पसंती. वाळ्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, खोल जमिनीत दोन-तीन मीटरपर्यंत. जांभ्यावर तेवढी खोली मिळत नाही, तरी पुष्कळ काम होतं. ठोंब चार ते सहा इंचांवर लावायचे, म्हणजे दहा फुटांच्या रांगेला वीस ते तीस लागतात. याहून विरळ लावले तर मधल्या फटींतून पाणी जोरात निसटतं आणि तिथेच घळ पडते. उतार साधारण तीन-चार फूट खाली उतरला की पुढची रांग.

रांग मात्र समपातळीत हवी. ती दिसायला सरळ यावी म्हणून दोरी ताणून लावली, तर सगळं पाणी तिच्या सखल टोकाला गोळा होतं. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी घ्या, दर पाच-सहा फुटांवर खुंटी मारा आणि खुंट्या नेतील तशी वळणं घेत लागवड करा. ही वळणं बागेत छान दिसतात, हा वरचा फायदा. पावसाळ्याआधी वाळा दीड फुटावर कापा आणि कापलेली पाती रांगेच्या वरच्या अंगाला पसरा. माठात टाकायला मुळं हवी असतील तर एखादा ठोंब वेगळा कोपऱ्यात लावा, रांगेतला उपटू नका.

फुलांसाठी

दोन रांगांच्या मध्ये धायटी लावा. सह्याद्रीतलं आपलं झुडूप, खडकाळ उतारावरही तग धरतं. हिवाळा सरता सरता फांद्या लाल फुलांनी भरतात आणि शिंजीर पक्षी येतात. (वैद्य आसव-अरिष्टात घालतात ती हीच फुलं.) कडेच्या कुंपणाला करवंद: पांढरी सुवासिक फुलं, मे महिन्यात फळं, आणि गुरं फिरकत नाहीत. लहान मुलं खेळतात त्या बाजूला मात्र लावू नका, काटे फार वाईट. स्वयंपाकघराजवळच्या छोट्या उताराला गवती चहा पुरतो.

सावलीत वाळा रोडावतो. तिथे आंबेहळद, स्पायडर प्लांट किंवा मंकी ग्रास दाटीने लावा. गटाराच्या आणि ओल्या कडेला सोनटक्का, मोरीच्या पाण्यावर कर्दळ. दोन्हींचे कंद माती बांधून ठेवतात, आणि पावसाळ्यात सोनटक्क्याचा वास घरात येतो. पागोळ्यांखाली मात्र कुठलंच रोप टिकत नाही. तिथे आधी खडीचा पट्टा घाला, रोपं त्याच्या पुढे.

काही रोपं आम्ही सांभाळूनच देतो

पिवळ्या फुलांची वेडेलिया झटपट पसरते, म्हणून तिला मागणी फार. तुमची जागा पऱ्याला किंवा रानाला लागून असेल तर आम्ही ती देत नाही, कारण पुढे ती आवरत नाही. घाणेरीचंही तेच. केवडा पऱ्याच्या काठाला उत्तम, पण चार गुंठ्यांत तो तुम्हाला घराबाहेर काढेल.

जेसीबीने उभी कापलेली दरड, भेगा पडलेला किंवा पोट सुटलेला गडगा, एका बाजूला कलत चाललेली झाडं: यातलं काही दिसलं तर रोपांवर पैसे घालू नका. आधी इंजिनीअरला दाखवा. पाण्याचा निचरा आणि भिंत यांचं काम झाल्यावर आमच्याकडे या.

लागवड कधी

पहिला दमदार पाऊस जिरला की लगेच. ऑगस्टमध्ये लावलेल्या ठोंबाला मूळ धरायला वेळ कमी मिळतो आणि उन्हाळ्यात तो वाळतो. पहिल्या पावसाळ्यात रोपं लहान असल्यामुळे खरा भार आच्छादनावर असतो: सुकं गवत, पातेरा, जास्त उतारावर खुंट्यांनी ठोकलेली काथ्याची जाळी. ही जाळी दोन-तीन वर्षांत कुजून मातीत जाते, तोवर मुळं कामाला लागलेली असतात. प्लास्टिकचा कागद नको. त्याच्यावरून पाणी घसरतं आणि खालच्या टोकाला खड्डा पाडतं.

ठोंबांची नोंदणी मे अखेरपर्यंत करा. येताना आवाराची लांबी-रुंदी, ऊन किती वेळ असतं आणि शक्य असेल तर गेल्या पावसात वाहत्या पाण्याचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ आणा. कोरड्या उताराच्या फोटोपेक्षा त्यावरून रांगा कुठे घ्यायच्या ते लवकर कळतं.